दोन घास कमी, पण कोणी?

मागच्या वर्षावासातल्या एका रविवारी आमच्या विहारात कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट वाचली गेली. राजाचे जेवण मोठे. द्रोणभर तांदळाचा भात तो एका बैठकीत संपवायचा. एकदा असाच पोट तुडुंब भरून, धापा टाकत तो तथागतांच्या भेटीला आला. त्याची अवस्था पाहून तथागतांनी त्याला उपदेश केला. जेवणातली मात्रा ओळखणाऱ्याला त्रास कमी होतो, म्हातारपण सावकाश येते आणि आयुष्य राखले जाते, असा त्या उपदेशाचा आशय होता. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली. रोज जेवणाच्या वेळी ती म्हणायची आणि त्याबद्दल शंभर कार्षापण घ्यायचे, असे ठरले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले. संयुक्त निकायात ही कथा आहे.

वाचन संपल्यावर बँकेत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने विचारले, "म्हणजे कमी खाल्लं की माणूस जास्त जगतो, हे भगवान बुद्धांनीही सांगितलं आणि आता विज्ञानही सांगतंय. मोबाईलवर रोज तसे व्हिडिओ येतात. मग आपण एका वेळचं जेवण सोडून द्यावं का?"

मागच्या रांगेत बसलेल्या एका आजींनी त्याला तिथेच अडवले. "आरं बाबा, आम्ही जलमभर कमीच खाल्लं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, मिलोची भाकर अन् सुकडी खाऊन दिवस काढले. कमी खाल्ल्यानं माणूस जास्त जगतो, तर मंग आमच्या बाया पन्नाशीतच का गेल्या?"

सभागृहात कोणी काही बोलले नाही. त्या दिवशी आमच्याकडेही नीट उत्तर नव्हते. तरुणाचा प्रश्न खरा होता आणि आजींचाही. म्हणून या अंकाचे आरोग्याचे पान आम्ही या दोन प्रश्नांसाठी ठेवले आहे.

सुरुवात उंदरांपासून

१९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांना हवे तेवढे खायला दिले. काहींना उष्मांक, म्हणजे आपण ज्याला कॅलरी म्हणतो त्या, मोजून कमी दिल्या. पण जीवनसत्त्वे आणि क्षार मात्र पुरेसे दिले. कमी उष्मांक मिळालेल्या उंदरांची वाढ खुंटली, पण त्यातले बरेच उंदीर भरपेट खाणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त जगले. पुढे यीस्ट, जंत, माश्या, उंदीर अशा अनेक जीवांवर हा प्रयोग झाला आणि बहुतेक ठिकाणी असेच दिसले.

वाचकहो, यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मॅकेंच्या उंदरांचे उष्मांक कमी केले होते, पोषण नाही. आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

असे का घडते? अन्न सतत येत राहिले की शरीराला वाढ करण्याचा, साठवण्याचा निरोप मिळत राहतो. इन्सुलिन चढलेले राहते. अन्न थोडे कमी झाले की पेशी वाढ बाजूला ठेवून डागडुजीकडे वळतात. पेशीत साचलेली मोडकी प्रथिने, निकामी झालेले भाग ती स्वतःच मोडते आणि त्यातला उपयोगी माल पुन्हा वापरते. घर झाडून काढावे तसे हे काम आहे. त्याला ऑटोफॅजी म्हणतात. हे काम नेमके कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आयुष्य वाढण्यामागे एवढे एकच कारण नाही, पण महत्त्वाच्या कारणांत ते मोडते.

उंदरांची गोष्टही वाटते तेवढी सरळ नाही. २०२४ साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात आनुवंशिकदृष्ट्या वेगवेगळ्या ९६० माद्या होत्या. हवे तेवढे खाणाऱ्या माद्या सरासरी २५ महिने जगल्या. ४० टक्के कमी खाणाऱ्या सरासरी ३४ महिने जगल्या. पण कमी खाणाऱ्यांमध्ये ज्यांचे वजन फार झपाट्याने उतरले, त्या लवकर मेल्या. ज्यांनी वजन टिकवून धरले, त्या जास्त जगल्या. किती जगणार हे ठरवण्यात आहारापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला. तेव्हा वजनकाटा खाली आला म्हणजे आयुष्य वर गेले, असा हिशेब करता येत नाही.

माकडांचे दोन प्रयोग, दोन उत्तरे

उंदीर दोन-तीन वर्षे जगतो. माणसाच्या जवळचा प्राणी म्हणून अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऱ्हीसस माकडांवर दोन ठिकाणी दीर्घ प्रयोग सुरू झाले. एक विस्कॉन्सिन विद्यापीठात आणि दुसरा राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत. दोन्हीकडे एका गटाला साधारण ३० टक्के कमी अन्न दिले.

विस्कॉन्सिनचा निकाल २००९ साली आला. म्हातारपणाशी जोडलेल्या आजारांनी भरपेट खाणाऱ्यांतली ३७ टक्के माकडे तोवर गेली होती, कमी खाणाऱ्यांतली १३ टक्केच. कमी खाणाऱ्यांत एकालाही मधुमेह झाला नव्हता. २०१२ साली दुसऱ्या संस्थेचा निकाल आला तो उलटा. तिथे कमी खाणारी माकडे जास्त जगली नाहीत.

असे कसे झाले? दोन्ही गटांच्या शास्त्रज्ञांनी भांडत न बसता आकडे एकत्र मांडले आणि २०१७ साली संयुक्त निष्कर्ष दिला. विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात साखर भरपूर होती आणि भरपेट गटाला हवे तेवढे खायची मोकळीक होती. दुसरीकडे सगळ्याच माकडांचे अन्न मुळात साधे, धान्याधारित आणि बरेचसे मोजून दिलेले होते. जो मुळातच बेताने खातो, त्याला आणखी कमी करून फारसे मिळत नाही. जो गोड आणि वारेमाप खातो, त्याला कमी केल्याचा मोठा फायदा होतो. शिवाय फायदा दिसला तो वयात आलेल्या आणि प्रौढ माकडांत. कोवळ्या वयात कमी खायला घातलेल्यांचे आयुष्य वाढले नाही.

माणसांचे काय?

माणसांवर जन्मभराचा असा प्रयोग करता येत नाही. पण अमेरिकेत कॅलरी नावाचाच एक दोन वर्षांचा प्रयोग झाला. लठ्ठ नसलेली, निरोगी, २१ ते ५० वयोगटातली सुमारे २२० माणसे त्यात होती. एका गटाने रोजचे खाणे २५ टक्क्यांनी कमी करायचे, असे ठरले होते. आहारतज्ज्ञ मदतीला असूनही प्रत्यक्षात जमले ते सुमारे १२ टक्केच. पण तेवढ्यानेही वजन सरासरी साडेसात किलोंनी उतरले, रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल कमी झाले, इन्सुलिनचे काम सुधारले. २०२३ साली याच लोकांच्या रक्ताची नव्याने तपासणी झाली. म्हातारे होण्याचा वेग मोजणाऱ्या एका कसोटीवर तो २ ते ३ टक्क्यांनी मंदावलेला दिसला. इतर कसोट्यांवर तसा फरक दिसला नाही. आणि हाडांची घनता थोडी घटली, हेही त्या प्रयोगात नोंदले गेले.

यातून आयुष्य किती वर्षांनी वाढते, हे दोन वर्षांच्या प्रयोगातून सांगता येत नाही. हृदय, रक्तवाहिन्या आणि साखर यांना फायदा होतो, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

दिवसाच्या ठरावीक तासांतच जेवण्याबद्दल आपले तरुण फार विचारतात. चीनमधल्या १३९ लठ्ठ व्यक्तींवरचा वर्षभराचा एक प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच कमी केले होते. एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळात जेवायचे होते. वर्षअखेर दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे घड्याळामुळे कमी खाणे सोपे होत असेल तर ते जरूर पाळावे, पण घड्याळात जादू नाही. पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणारे आपले उपासक-उपासिका मनाच्या साधनेसाठी तसे करतात. तिला वजन उतरवण्याचे औषध समजू नये.

कमी खाणे वेगळे, उपासमार वेगळी

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने त्यात आले होते. सहा महिने त्यांना रोज सुमारे १५७० उष्मांकांचे जेवण दिले आणि मैलोन्मैल चालायला लावले. त्यांचे वजन चौथ्या हिश्शाने उतरले. पण त्याहून मोठे होते ते मनाचे हाल. त्यांना सतत थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, उदासी यायची. डोक्यात रात्रंदिवस अन्नाचाच विचार. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. उरुवेलेत सिद्धार्थाने अन्न इतके तोडले की अंगाचा सापळा झाला. त्यातून प्रज्ञा आली नाही, ग्लानी आली. सुजाताने दिलेली खीर घेतल्यावरच अंगात बळ आले. अतिभोजन नको आणि आत्मक्लेशही नको, हा मध्यम मार्ग ज्याने स्वतःच्या देहावर अनुभवला, त्यानेच पुढे प्रसेनजिताला मात्रा शिकवली. हा उपदेश द्रोणभर जेवणाऱ्या राजाला होता, भुकेल्या माणसाला नव्हे.

आजींचा प्रश्न

आता आजींकडे वळू. त्यांनी जन्मभर कमी खाल्ले, पण ते कमी खाणे मॅकेंच्या उंदरांसारखे नव्हते. त्यात उष्मांकही कमी होते, प्रथिनेही, लोहही. वर अंगमेहनत, बाळंतपणे, दूषित पाणी, आणि आजारपणात दवाखाना दूर. घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर भांड्यात उरेल ते बाईच्या वाट्याला. त्याला आहारनियमन म्हणत नाहीत. तो अन्याय आहे.

आणि त्याचा हिशेब पुढच्या पिढीकडे जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. बाळे लहान होती, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. वरून बारीक, आतून चरबी, अशी आपली घडण आईच्या पोटातच होते. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

म्हणून पिढ्यानपिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजात भरपूर खायला मिळू लागले की मधुमेह लवकर गाठतो. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने शेवटची वर्षे किती छळले, हे आपण जाणतो. आजच्या घरात आजी अशक्त आणि नातू चाळिशीच्या आत मधुमेही, हे दोन वेगळे आजार नाहीत. एकाच भुकेची ती दोन टोके आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. १८.७ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा कमी वजनाच्या होत्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या.

आयुष्याच्या लांबीचे म्हणाल तर, उत्तर आणि पूर्व भारतातल्या नऊ राज्यांच्या आकड्यांवरचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. तथाकथित उच्च जातींतल्या हिंदूंच्या तुलनेत दलितांचे सरासरी आयुर्मान ३ वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे ४ वर्षांहून अधिक कमी निघाले. गरिबी हिशेबात धरूनही ही तफावत पूर्ण सुटत नाही. आहारात थोडी काटछाट केल्याने माणसाचे आयुष्य किती वाढेल, याचे उत्तर अजून यायचे आहे. जातीमुळे किती घटते, याचे आले आहे. म्हणून आमच्या बाया पन्नाशीतच का गेल्या, हा प्रश्न केवळ ताटाचा नाही. तो मजुरीचा, पाण्याचा, दवाखान्याचा आणि मानाचाही आहे. दोन घास कमी केल्याने तो सुटणार नाही.

ताट तेच राहिले, मेहनत गेली

मग बँकेतल्या त्या तरुणाचे काय? त्याच्या आजोबांनी हमाली केली, वडील शिकून नोकरीला लागले आणि तो खुर्चीवर बसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने ६५ किलोच्या, जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३४७० उष्मांक लागतात. बसून काम करणाऱ्याला २११०. स्त्रियांमध्ये, ५५ किलो वजन धरले तर, हेच आकडे २७२० आणि १६६० आहेत. शिक्षणाने आपली मेहनत बदलली, हा बाबासाहेबांच्या संघर्षाचाच विजय आहे. पण घरातले ताट आजोबांच्याच मापाचे राहिले. त्यात फरसाण, बिस्किटे, थंड पेयांच्या बाटल्या आणि दिवसाला चार-पाच गोड चहांची भर पडली. पाहुणचार म्हणजे आग्रह, आणि लग्नात पोटभर वाढले नाही तर बोल लागतो. ज्यांनी भूक पाहिली त्यांना भरलेले ताट म्हणजे सन्मान वाटणारच. त्यात चूक काही नाही. पण शरीराचा हिशेब वेगळा असतो.

या तरुणाने कमी खावे. पण जेवण सोडून नव्हे. माणसांवरच्या प्रयोगात जमलेले १२ टक्के, २००० उष्मांकांवर धरले तर, २४० होतात. चार कप चहात दोन-दोन छोटे चमचे साखर असेल तर त्याचेच सुमारे १६० उष्मांक होतात. दोन छोटे चमचे तेल कमी केले तर आणखी ९० गेले. हिशेब पुरा झाला. भाकरी, डाळ, भाजी कशालाच हात लावावा लागला नाही.

घरात काय करावे

आधी स्वतःला ओळखा. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन ४४ किलोंच्या खाली असेल तर तिने कमी खाण्याचा विचारही करू नये, उलट वाढवावे. तेच वजन ५५ किलोंच्या वर गेले असेल तर जपायला सुरुवात करावी. पोटाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर असेल, तर वजन ठीक दिसले तरी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढत्या वयाची मुले-मुली, क्षयरोगी, रक्तक्षय असलेल्या आणि अशक्त वृद्ध यांनी जेवण कमी करू नये. साठीनंतर स्नायू झपाट्याने झिजतात. म्हाताऱ्या माणसाला चहा-बिस्किटावर ठेवू नका. डाळ, अंडे, सुकट, दूध, हरभरे असे काहीतरी रोज द्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता एकही जेवण चुकवू नये. साखर अचानक उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्ध हरपू शकते.

ज्यांना कमी करायचे आहे, त्यांनी सुरुवात साखर, तळण आणि मैद्यापासून करावी. भाताचा दुसरा वाढा घेण्याआधी थोडे थांबावे; पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचायला वेळ लागतो. जपानच्या ओकिनावा बेटावरचे जुने लोक पोट दहातले आठ भाग भरले की हात धुवायचे. त्यांचे मुख्य अन्न रताळे होते आणि शेतात काम म्हातारपणीही चालू असे. आपल्याकडेही ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी, अंबाडी, तांदुळजा हे सगळे आहेच. रोज अर्धा तास चाला. आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलण्याचे काही काम करा, म्हणजे हाडे आणि स्नायू टिकतील.

आणि घरात एक नियम करा. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचे, बाईनेही. कोणाचे ताट हलके करायचे आणि कोणाचे भरायचे, हे सगळी ताटे एकत्र दिसल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही हे सगळे विहारात वाचून दाखवले. तरुणाने चहातली साखर सोडायची ठरवली. आजी म्हणाल्या, "अन् मी?" आम्ही सांगितले, "आजी, तुम्ही रोज एक अंडं वाढवायचं." त्या हसल्या. तेव्हापासून त्यांची सून अंडे रोज न चुकता उकडते, असे कळते.